सेफ क्लस्टरमध्ये ओएसडी 'आउट' केल्यावर डिस्क लगेच ओढून काढली तर चालते का?

नाही चालत. (सेफ म्हणजे Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठी साठवण करणारी प्रणाली. ओएसडी म्हणजे त्यातली एक डिस्क आणि ती सांभाळणारा प्रोग्राम. 'आउट' म्हणजे हिच्यावर आता डेटा ठेवू नको असं क्लस्टरला सांगणं.) "तीन कॉपी आहेत ना, मग ओढ की" हे वाक्य मी साहेबांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यानंतरचा पाऊण तास अजून विसरलो नाही.

आमची ओएसडी १७ कुरकुरत होती, रीड एरर येत होते. मी ती आउट केली, बॅकफिल, म्हणजे तिच्यावरचा डेटा बाकीच्या ओएसडींवर उतरवणं, सुरू झालं. आउट झालेल्या ओएसडीचा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) जिवंतच असतो आणि बाकीच्या ओएसडी त्याच्याकडूनही डेटा उचलत असतात. साहेबांना तेवढा धीर नव्हता. अर्ध्यातच डीमन बंद करायला लावला आणि एकाला रॅककडे पिटाळलं. फोनवर मी म्हटलं, "सात नंबरचा स्लॉट." त्याने एकपासून मोजलं, चेसिसवरचे नंबर शून्यापासून होते. हातात आली शेजारची, ठणठणीत ओएसडी १६.

एवढ्यानेही काही बिघडायला नको होतं, कारण दोन्ही डिस्क एकाच होस्टवरच्या (सर्व्हरवरच्या). पण आमच्या क्रश रूलमध्ये (कुठली कॉपी कुठे जाईल ते ठरवणाऱ्या नियमात) फेल्युअर डोमेन होतं 'ओएसडी', म्हणजे कॉपी वेगळ्या डिस्कवर असल्या की पुरे, होस्ट एकच असला तरी चालेल. ते 'होस्ट' करा म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं! उत्तर ठरलेलं: "उगाच डेटा हलेल." परिणाम असा की काही पीजींच्या (डेटाच्या गटांच्या) तीनपैकी दोन कॉपी नेमक्या याच दोन डिस्कवर. उरली एक, मिन-साइझ (रीड-राइट चालायला लागणाऱ्या किमान कॉपी) दोन, त्यामुळे त्या पीजींचं रीड-राइट ठप्प. स्टेटसमध्ये 'अंडरसाइझ्ड, डिग्रेडेड, पीअर्ड' आणि व्हर्च्युअल मशीन लटकलेल्या.

साहेब म्हणाले, "मिन-साइझ एक कर." मी नाही केलं. एकाच कॉपीवर राइट घ्यायचे आणि नेमकी तीच डिस्क गेली तर? १६ परत स्लॉटमध्ये बसवली, व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेट केला, डीमन उठवला. पीजी हलायला लागले.

आता तुमचं. नुसतं आउट करू नका, त्या ओएसडीचं क्रश वेट (तिच्या वाट्याला किती डेटा यावा ते ठरवणारा आकडा) शून्यावर आणा. आउटमध्ये होस्टचं वेट तेवढंच राहतं, मग पुढे क्रशमधून काढताना डेटा दुसऱ्यांदा हलतो. सगळे पीजी 'अ‍ॅक्टिव्ह+क्लीन' (चालू आणि सगळ्या कॉपी पूर्ण) होऊ द्या. मग 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' कमांडने क्लस्टरला विचारा, ही ओएसडी काढली तर चालेल का. तो हो म्हणाला तरच डीमन थांबवा आणि पर्ज करा (क्लस्टरमधून तिची नोंदच पुसा). ओढण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर जुळवा, जमलं तर एलईडी लुकलुकता ठेवा. स्लॉट मोजत बसू नका.

हो, जागा आधी बघायला हवी, हे वरच लिहायला हवं होतं. बाकीच्या ओएसडी ९० टक्क्यांवर गेल्या की डिफॉल्टने त्यांच्यावरचं बॅकफिल थांबतं आणि तुम्ही मधेच अडकता. डिस्क आधीच मेली असेल तर रिकामी व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कॉपींवरून रिकव्हरी होऊ द्या. आणि त्याच जागी नवी डिस्क लगेच टाकणार असाल तर वेट शून्य करू नका आणि पर्जऐवजी 'डिस्ट्रॉय' वापरा, आयडी तोच राहतो.

फेल्युअर डोमेन शेवटी 'होस्ट' केलं. डेटा हलायला चार दिवस लागले. चारही दिवस साहेब सकाळी येऊन विचारायचे, "झालं का?"