उबुंटूची पार्टिशनं डिलीट केल्यावर पीसी 'ग्रब रेस्क्यू'वर अडकलाय. फॉरमॅट न करता विंडोज परत येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या घरी एकाच डेस्कटॉपवर विंडोज 10 आणि उबुंटू होतं, सी ड्राइव्ह भरला म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूची पार्टिशनं उडवलीत, आणि दुकानदार म्हणतो चवथ झाली की आणा, फॉरमॅट मारून देतो. एवढ्यात नेऊ नका. विंडोज आणि तुमच्या फायली जागच्या जागी आहेत.

ग्रब म्हणजे पीसी चालू होताना उबुंटू की विंडोज ते विचारणारा छोटा प्रोग्राम. तो दोन तुकड्यांत राहतो. छोटा तुकडा डिस्कच्या सुरुवातीला किंवा ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फायलींसाठी राखलेलं छोटं पार्टिशन), आणि मेनू, मॉड्यूल वगैरे उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. दुसरा तुकडा तुम्ही पुसलात, पहिला अजून त्याला शोधतोय. म्हणून पडद्यावर 'नो सच पार्टिशन' येतं.

आधी डिस्क कोणत्या पद्धतीची आहे ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो आणि इथेच लोक चुकीची कमांड मारतात. त्याच काळ्या पडद्यावर 'एलएस' टाइप करून एंटर दाबा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.) उत्तरात 'एचडी0,एमएसडॉस1' असं आलं तर एमबीआर (पार्टिशनांची नोंद ठेवायची जुनी पद्धत), 'एचडी0,जीपीटी1' आलं तर जीपीटी (नवी पद्धत).

जीपीटी असेल तर बहुधा पेन ड्राइव्हही लागणार नाही. चालू करताना बूट मेनू उघडा: गिगाबाइट बोर्डवर एफ12, आसुसवर एफ8, एमएसआयवर एफ11. तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. विंडोज उघडलं की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तोच पहिल्या क्रमांकावर ठेवा, झालं. तो यादीत नसेल तर मात्र दुसऱ्या कंप्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा (त्यातलं सगळं पुसलं जातं). तो यूईएफआय मोडमध्ये (बूट मेनूत पेन ड्राइव्हच्या नावाआधी 'यूईएफआय' असलेली नोंद) बूट करून 'रिपेअर युअर कंप्युटर', 'ट्रबलशूट', 'कमांड प्रॉम्प्ट' असं जा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम

यात फॅट32 असलेला, साधारण 100 एमबीचा व्हॉल्यूम शोधा. पेन ड्राइव्हही फॅट32 दिसतो, तेव्हा साइज बघूनच निवडा. त्याचा नंबर 3 असेल तर:

सिलेक्ट व्हॉल्यूम 3
असाइन लेटर=एस
एक्झिट
बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

रिपेअर मोडमध्ये विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर डी किंवा ई झालेलं असू शकतं. आधी 'डीआयआर सी:\' करून विंडोज फोल्डर तिथे आहे का ते पाहा. डिस्कपार्टमधल्या 'क्लीन'ला हात लावू नका, ती कमांड काही न विचारता अख्खा पार्टिशन टेबल उडवते.

एमबीआर असेल तर तसाच पेन ड्राइव्ह लेगसी मोडमध्ये ('यूईएफआय' न लिहिलेली नोंद निवडून) बूट करा आणि त्याच कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक /फिक्सएमबीआर' द्या. ती फक्त पहिल्या सेक्टरमधला बूट कोड बदलते, पार्टिशनं तशीच राहतात. एवढ्याने बहुतेकदा काम होतं. तरीही विंडोज सुरू झालं नाही तर कोणत्या पार्टिशनवरून बूट करायचं ते सांगणारी अ‍ॅक्टिव्ह खूण हरवलेली असू शकते: ग्रबला ती लागत नाही, विंडोजच्या कोडला लागते. डिस्कपार्टमध्ये 'सिलेक्ट डिस्क 0', मग 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचं पार्टिशन निवडून 'अ‍ॅक्टिव्ह'. ते वेगळं पार्टिशन नसेल तर विंडोजचंच.

उबुंटूतल्या काही फायली हव्या असतील तर मोकळ्या झालेल्या जागेत अजून काही लिहू नका. सी वाढवणं नको, नवीन ड्राइव्ह करणंही नको. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं उबुंटू) टेस्टडिस्क हा पुसलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्राम चालवा: 'अ‍ॅनलाइज', 'क्विक सर्च', मग पार्टिशनवर पी दाबून आतल्या फायली दिसतात का बघा. दिसल्या तर तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. 'राइट' करायची गरजच पडत नाही.

बायोसमध्ये डिस्कच दिसत नसेल तर मात्र हा पार्टिशनचा प्रश्न नाही. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून परत घट्ट बसवा. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या केबलच्या टोकांना गंज धरतो, दुसरी लावून बघायला फार खर्च नाही.

आता मूळ अडचण, सी भरल्याची. मोकळी जागा सीला लागून उजवीकडे असेल तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आलं की तो पर्याय फिका दिसतो. अशा वेळी पार्टिशन सरकवणारी सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय चालवू नका. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि सरकवणं अर्धवट राहिलं तर डेटा खरंच जातो. त्यापेक्षा त्या जागेत नवीन ड्राइव्ह करा आणि डाउनलोड्स, फोटो तिकडे हलवा.