पहिला उघड पगारदार बेसबॉल संघ

प्रश्न : बेसबॉलचा पहिला व्यावसायिक संघ उभारणारा हॅरी राइट मुळात क्रिकेटपटू होता, हे खरे आहे काय? त्याच्याआधी बेसबॉलपटूंना पैसे मिळतच नसत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, ते खरे आहे. हॅरी राइटचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. त्याचे वडील सॅम्युअल हे न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू होते आणि पुढे हॅरीही त्याच क्लबाच्या चाकरीत लागला. १८५८ मध्ये तो निकरबॉकर या बेसबॉल संघात दाखल झाला. तिथे मात्र खेळायचे ते केवळ हौसेखातर.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मिळत, पण चोरून’ असे द्यावे लागेल. बेसबॉल संघांच्या राष्ट्रीय संघटनेने मोबदल्यावर बंदी घातली होती, तरी चांगला खेळाडू हाती राहावा म्हणून त्याला कुठेतरी नावापुरती नोकरी लावून देण्याची चाल रूढ झाली होती. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळत असताना कागदोपत्री सरकारी कारकून होता. त्याच्या कचेरीचा म्हणून जो पत्ता नोंदवला होता, तिथे सार्वजनिक बाग होती, असे सांगतात!

इंग्लिश क्रिकेटमध्ये पगारी खेळाडू ही राजरोस गोष्ट होती. अशा वातावरणात वाढलेल्या हॅरीला ही लपवाछपवी मानवली नसावी, असे आम्हांस वाटते. सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबाने त्याला वर्षाला १,२०० डॉलरवर बोलावले होते. तिथेच तो पुन्हा बेसबॉलकडे वळला आणि संघटनेने बंदी उठवताच १८६९ मध्ये त्याने तिथल्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या बेसबॉल संघाचे दहाही खेळाडू उघडपणे पगारावर घेतले. कर्णधार हॅरीला १,२००, तर जॉर्जला १,४०० डॉलर ठरले. थोरल्याने धाकट्याचे मोल आपल्यापेक्षा अधिक मानले, यातच त्याची व्यावसायिक दृष्टी दिसते. त्याच वर्षी सुरू झालेल्या, खंड ओलांडणाऱ्या रेल्वेने हा संघ कॅलिफोर्नियापर्यंत खेळून आला आणि वर्षभर अपराजित राहिला. अखेर १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाने अकरा डावांच्या लढतीत त्याला ८–७ असे हरवले. खर्च झेपेनासा झाल्यावर क्लबाने पगारी संघ मोडला. हॅरी बोस्टनला गेला, जुने नावही सोबत घेऊन गेला आणि १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे त्याने तिथे अजिंक्यपद राखले.

क्रिकेट मात्र सुटले नाही. १८७४ मध्ये बोस्टन आणि फिलाडेल्फिया येथील बेसबॉलपटूंना घेऊन तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांनी क्रिकेटचेही सामने खेळले आणि त्यांतला एकही गमावला नाही. अर्थात यजमानांच्या अकरांसमोर पाहुणे बहुधा अठरा जण उतरत, हेही सांगितले पाहिजे. बेसबॉलने मात्र इंग्लिश प्रेक्षकांना फारशी भुरळ घातली नाही.