कंबर तलावावर तुला पाहिलं

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पहाटे साडेपाचला आपल्या सोलापूरच्या कंबर तलावावर ग्रुपबरोबर पळणं, संध्याकाळी जिम, कट्टा बंद, धाबा बंद. जुन्या दोस्तांना ‘तुम्ही काय सुधारणार नाही’ म्हणून मोकळा झालास. वर विचारतोस, यात माझं चुकलं काय?

पळण्यात काही चुकलं नाही. आमची दोस्तीसुद्धा तालमीतच झाली. हौद्यातली तांबडी माती अंगाला लावत, एकमेकांची पाठ चोळत गप्पा व्हायच्या. मोजायला घड्याळ नव्हतं, वस्ताद होते. एकोणिसाव्या वर्षी माझा उजवा गुडघा सुजला होता, तरी मी बैठका मारत राहिलो. ‘मार’ असं कुणी म्हटलं नव्हतं, फक्त सगळे बघत होते. आज जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. ग्रुपमध्ये व्यायाम करताना एवढं सांभाळ. दुखलं की थांबायचं, आणि थांबलो म्हणून लाजायचं नाही.

गेल्या रविवारी मी तलावावर होतो. तुला दिसलो नाही. तुमच्यातला तो निळ्या टी-शर्टवाला पोरगा बरगडीखाली हात दाबून कडेला वाकला होता. तुमची अख्खी टोळी त्याला वळसा घालून पुढे गेली. तूही गेलास, मनगटावरचा आकडा बघत. नंतर फोटो काढताना तो टोकाला उभा राहून हसत होता.

गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, लहानपणापासून जातोस ना? सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. एवढी उंच काठी पेलायची तर सराव आधीपासून करावा लागतो, ताकद लागतेच. पण एक जण दमला की दुसरा पुढे होऊन काठी घेतो. दमलेल्याला तिथंच टाकून मिरवणूक पुढे गेलेली मी तरी पाहिली नाही.

खाण्याचं लिहिलंयस. शेंगाचटणी सोडलीस आणि पावडरचा डबा आणलास, तोही हप्त्यावर! अरे, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. उष्मांकही भरपूर, म्हणून वाटीभर चटणी चापू नकोस. पण कडक भाकरी, डाळ, दही, अंडी असं नीट जेवलास तर डब्यावाचून तुझं अडणार नाही. जिममध्ये कुणी गोळ्या-इंजेक्शनं पुढं केली तर मात्र सरळ घरी ये आणि मला फोन कर. त्यात चर्चा नाही.

मार्च लागला की उन्हं चढायच्या आत घरी. सोलापूरचं ऊन तुला मी काय सांगू.

आता दोस्त. ज्यांच्याबरोबर दहावीला रात्री जागलास, ते रात्री चहा-भजी खातात म्हणून वाईट झाले? महिन्यातून दोनदा जा, भजी नको असतील तर नुसता चहा घे. आणि तिथं बसून कॅलरीवर प्रवचन देऊ नकोस, पोरं उठून जातील. त्यातला एक जण रात्रपाळीला कापडाच्या मागावर कामाला असतो. पहाटे साडेपाचला तो झोपायला जातो. त्याला आळशी म्हणताना जरा जीभ आवर.

येत्या रविवारी मी येतोय तलावावर. गुडघ्यामुळे चालतच येईन. त्या निळ्या टी-शर्टवाल्याला सांग, पहिली फेरी माझ्याबरोबर मार म्हणावं. तूही यायला हरकत नाही, फक्त घड्याळ घरी ठेवून ये.

तुझा,
काका