कामासाठी कॅम्पबेल बेला आठ दिवस जायचं आहे. जंगल, समुद्र बघायला वेळ मिळतो का?

मिळतो. फक्त तो तुम्ही काढायचा नसतो, जहाज काढून देतं.

मी पुण्याचा, डिझेल जनरेटरच्या कामातला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्रेट निकोबार बेटावर गेलो होतो, तुमचं कॅम्पबेल बे त्यावरच आहे. पोर्ट ब्लेअरहून जहाजाने दोन रात्री, वाटेत कार निकोबार आणि कामोर्टा. पोचून इंजिन उघडलं तर कळलं की गॅस्केटचं खोकं पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरच राहिलंय. पुढचं जहाज कधी, असं विचारलं की लोक नुसते हसायचे. सहा दिवस माशा मारत बसलो. (खऱ्याच. किनाऱ्यावरच्या सँडफ्लाय चावताना कळत नाही, पण नंतर आठवडाभर खाजवत बसावं लागतं. फुल बाह्यांचे शर्ट न्या.)

आधी घड्याळाचं सांगतो. वेळ भारताची असली तरी तिथला सूर्य मुंबईच्या तासाभराहून जास्त पुढे असतो. फेब्रुवारीत साडेपाचला उजाडायचं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतच मावळायचं. काम उरकून पाचला फिरायला निघू म्हणालात तर अंधारच बघाल. पहाटे चारला उठायची तयारी ठेवा.

समुद्री कासवं अंडी घालायला येतात तो गलाथिया बेचा किनारा कॅम्पबेल बेहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. रस्ता असा की मणके मोजता आले. वाळूवर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. कासव काही दिसलं नाही, रात्रीच अंडी घालून परत गेलं होतं. पण त्याची वाट दिसली, आणि खरं सांगतो, मला तेवढं पुरलं. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या खुणा मी पाहिल्या आहेत, हातभर रुंद. ही लेदरबॅकची, सगळ्यात मोठ्या समुद्री कासवाची. मी वाळूत आडवा झालो असतो तरी तिच्या दोन्ही कडांना पोचलो नसतो. मधे शेपटीची बारीक रेघ आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे फटकारे, अगदी जोडीजोडीने, कारण हे कासव पुढचे दोन्ही पाय एकदम मारतं. वर झाडीजवळ भलामोठा भाग उकरून विस्कटलेला, नेमकी अंडी कुठे ते कळू नये म्हणून. पाचशे किलोपर्यंत वजन जाणारा प्राणी रात्री एकटाच वर येऊन एवढी उस्तवार करून जातो.

परतताना किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू आणि कुजक्या पाल्याचा कमरेइतका ढीग दिसला. मला वाटलं, कुणीतरी कचरा लोटलाय. ते मेगापोडचं घरटं होतं. हा कोंबडीएवढा पक्षी अंडी उबवत बसत नाही, ढिगात पुरतो. पाला कुजताना जी ऊब निघते त्यावर पिल्लू तयार होतं, स्वतःच उकरून बाहेर येतं आणि आईबापांची वाट न बघता चालू पडतं.

इंदिरा पॉइंट, म्हणजे बेटाचं दक्षिण टोक, मी पाहिला नाही. त्या आठवड्यात समुद्र चढलेला होता, होडीवाल्याने सरळ नाही म्हटलं. २००४ च्या भूकंपात तिथली जमीन चार मीटरहून जास्त खचली आणि दीपगृह पाण्यात उभं राहिलं. त्याची खूण मात्र पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे दिसते: भरतीच्या पाण्यात उभी नारळाची वाळकी, बिनशेंड्याची खोडं. ती कुणाच्या तरी वाड्या होत्या.

त्यातली एक वाडी एका मराठी घराची निघाली. १९६९ पासून सरकारने इथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, पंजाब, केरळ, तमिळनाडूची, तशी महाराष्ट्रातलीही. दुकानात मी फोनवर मराठीत बोलताना ऐकून एका काकूंनी विचारलं, "कुठले हो तुम्ही?" पुण्याचा म्हटल्यावर म्हणाल्या, "आमचे आबा साताऱ्याचे. मी इथलीच." मग रोज संध्याकाळी चहा तिथेच. मराठी बोलताना मधेच हिंदीत जायच्या. पाण्यात गेलेल्या सुपाऱ्या मात्र त्यांनी मराठीतच मोजून दाखवल्या, ओळीओळीने, बोटाने समुद्राकडे दाखवत.

आता तुमच्यासाठी. नदीच्या मुखाशी, खाजणात पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या दिसत नाहीत. शोंपेन आणि निकोबारी या इथल्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रात पासशिवाय पाऊल टाकू नका, त्यांचे फोटो काढणं तर सोडाच. जंगलात जायचं असेल तर पहिल्याच दिवशी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन काय चालतं, काय नाही ते विचारा. रोख पैसे न्या. फोनचं म्हणाल तर २०२० मध्ये समुद्राखालची केबल पोचली, त्यामुळे माझ्याइतके हाल होणार नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. गलाथियाच्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढला गेला, आणि मोठ्या बंदराच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. ते बंदर त्याच खाडीत व्हायचं आहे. तुमचं काम त्यातलंच असेल तर मी काय बोलणार? पण डिसेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर एक पहाट तिथे काढा. भरतीच्या आधी पोचलात तर आदल्या रात्रीची वाट पाण्यापर्यंत सलग दिसते का, ते मला जरूर कळवा. मी पाहिली तिचा खालचा अर्धा भाग लाटेने पुसून गेला होता.