उभ्या ट्रॉलीला मागून धडक बसली, तर भरपाई बुडते का?

प्रश्न थोडक्यात असा : तासगाव तालुक्यातील चौतीस वर्षांचे एक वाचक मोटार रिवाइंडिंगचे आणि बोअरमधील पाणबुडी मोटारी काढण्या-बसवण्याचे काम करतात. गळीत हंगामात रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी येताना, पंक्चर झाल्यामुळे अर्धी डांबरी रस्त्यावर उभी केलेली, ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची ट्रॉली त्यांना दिसली नाही आणि ते मागून जाऊन आदळले. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडून प्लेट बसवावी लागली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ते दवाखान्यात असताना ट्रॅक्टरचालकाने दिलेल्या फिर्यादीवरून गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला आहे. विमा कंपनीकडून आलेल्या माणसाने 'मागून धडक म्हणजे चूक तुमचीच, एक रुपयाही मिळणार नाही' असे सांगितले असून, गावातलाच ट्रॅक्टरमालक पन्नास हजार रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागत आहे. अपघाताला चार महिने होत आले आहेत.

उत्तर : सर्वप्रथम, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नये. आपली थोडी चूक असली म्हणून भरपाई पूर्ण बुडते, हे भारतातील मोटार अपघातांच्या बाबतीत खरे नाही.

जखमी माणसाचा रतीभर दोष निघाला तरी त्याचा दावा संपूर्ण फेटाळायचा, असा कठोर नियम इंग्लंडमध्ये १८०९ सालच्या एका निकालापासून रूढ झाला होता. तो इतका अन्यायकारक ठरला, की १९४५ साली तेथील संसदेने कायदा करून तो मोडीत काढला. अमेरिकेत मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा अशा मोजक्या राज्यांत तो अजून टिकून आहे. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (अशा भरपाईच्या दाव्यांसाठीचे खास न्यायालय) दोन्ही बाजूंच्या दोषाचे प्रमाण ठरवते आणि जखमीच्या वाट्याला जेवढा दोष येईल तेवढीच रक्कम कमी करते. यालाच अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी असा आरोप करणाऱ्यावर, म्हणजे येथे मालकावर व विमा कंपनीवर असते.

मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील दावा अजूनही दोषावरच उभा असतो, त्यामुळे ट्रॉलीवाल्याचा निष्काळजीपणा आपल्याला दाखवावाच लागेल. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मात्र लागत नाही. काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, एवढेच न्यायाधिकरण पाहते. मागून येणाऱ्याने पुरेसे अंतर आणि आवाक्यातला वेग ठेवला पाहिजे हे खरे असले, तरी तो नियम मुख्यतः चालत्या वाहनांसाठी आहे. अंधारात, दिवा न लावता, रस्त्यावर उभे केलेले वाहन ही वेगळी गोष्ट आहे. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास कलम १२२ ने मनाई केली आहे. रात्री रस्त्याच्या मध्ये दिव्याविना उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने मोटारचालकावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली काढून टाकला आणि संपूर्ण जबाबदारी टँकरचालकावर ठेवली. आपल्या प्रकरणातही तसेच होईल अशी हमी मी देत नाही, कारण आपला वेग आणि आपल्या गाडीचा हेडलाइट यांवर उलटतपासणी होणारच. परंतु 'मागून धडक म्हणजे तुमचीच चूक' हे सरसकट विधान कायद्याला धरून नाही.

म्हणून सगळा भर त्या रात्रीच्या पुराव्यावर द्यावा लागेल. घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल आजच मागा. ट्रॉलीच्या चाकामागे लावलेले दगड, डांबराच्या कडेपासून ट्रॉलीचे अंतर, साइडपट्टीवर जागा होती की नाही, मागील दिव्याचा उल्लेख, या चार गोष्टी त्यात काय लिहिल्या आहेत ते बारकाईने वाचा. चाकाला दगड लावलेले असतील, तर ट्रॉली बराच वेळ उभी होती आणि चालकाला इशारा म्हणून काहीतरी ठेवण्यास पुरेशी सवड होती, असा युक्तिवाद करता येतो. ज्यांनी आपल्याला उचलले त्यांच्यापैकी कोणी मोबाइलवर फोटो काढले असल्यास ते मूळ फोनसह जपून ठेवण्यास सांगा. उद्या 'तो आमचा ट्रॅक्टरच नव्हता' असे कोणी म्हणू लागल्यास साखर कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद उपयोगी पडेल. त्या खेपेत कोणता ट्रॅक्टर कोणत्या वेळी काट्यावर आला हे तीत मिळते, आणि ती नोंद न्यायाधिकरणामार्फत मागवता येते.

दवाखान्याच्या कागदांकडेही लक्ष द्या. आपल्या डिस्चार्ज कार्डावर 'मोटारसायकलवरून पडून' एवढेच लिहिले आहे. नातेवाईक घाईत तसे सांगतात आणि विमा कंपनी नेमके त्यावर बोट ठेवते. दाखल होतानाच्या मूळ नोंदीची आणि दवाखान्याने पोलिसांना कळवलेल्या खबरेची प्रत काढा. त्यांत ट्रॉलीचा उल्लेख असेल तर बरेच काम झाले. नसेल, तर ही माहिती कोणी दिली होती त्या नातेवाइकाला साक्षीला आणावे लागेल.

आपल्यावरील गुन्ह्याने खचून जाऊ नये. फिर्याद किंवा दोषारोपपत्र हा न्यायाधिकरणापुढे अखेरचा शब्द नसतो. तेथे दोषाचा निर्णय स्वतंत्र पुराव्यावर होतो. तरीही फिर्यादीला उत्तर न देता गप्प राहणे घातक ठरेल. आपली हकीकत लेखी स्वरूपात पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. दखल घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर कलम १७५(३) प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

हेल्मेट नसल्याचा मुद्दा आपल्याला सर्वांत जास्त छळतो आहे, असे पत्रावरून जाणवते. हेल्मेट न घालणे हा नियमभंग आहे आणि त्यासाठी दंड आहे; पण भरपाई कमी करायची तर त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्याच कारणाने दोष लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली याच तर्काने सांगितले. आपली इजा नडगीची आहे. हेल्मेटने ती टळली नसती.

आता रकमेविषयी. सरकारी रुग्णालयाने दिलेले २५ टक्के अपंगत्व हे पायापुरते आहे की संपूर्ण शरीराचे, हे प्रमाणपत्रात पाहावे. न्यायाधिकरण मात्र त्या टक्क्यांपाशी थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० सालच्या निकालानुसार, त्या इजेमुळे त्या माणसाची कमाई प्रत्यक्षात किती घटली, हे पाहायचे असते. बैठ्या नोकरीतल्या माणसाला हीच इजा कमी नडली असती; बोअरमधून मोटार ओढून काढणाऱ्याला आणि दिवसभर उकिडवे बसून कॉइल भरणाऱ्याला ती रोज नडते. हे डॉक्टरांच्या आणि आपल्या साक्षीत स्पष्टपणे आले पाहिजे. उत्पन्नाच्या वह्या नसल्या तरी तांब्याच्या तारेची खरेदी बिले, बँकेतील व मोबाइलवरील जमा, आणि नेहमीच्या दोन-तीन बागायतदार गिऱ्हाइकांची साक्ष चालते.

उदाहरणादाखल हिशेब असा. आपण महिना वीस हजार सांगता. न्यायाधिकरणाने पंधरा हजार धरले, तर वर्षाचे १,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार असलेल्यांसाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले की २,५२,००० होतात. कमाईची घट २० टक्के धरल्यास वर्षाला ५०,४००, आणि ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक (वार्षिक घटीला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १६ असल्याने ८,०६,४०० रुपये. उपचाराचे २,४०,०००, सहा महिन्यांची बुडालेली कमाई ९०,००० आणि वेदना व इतर बाबींचे समजा १,००,००० धरून एकूण १२,३६,४०० रुपये होतात. आपल्यावर चौथाई दोष आला तरी ९,२७,३०० आणि अगदी निम्मा आला तरी ६,१८,२०० रुपये उरतात. हे आकडे वर-खाली होतील. पण पन्नास हजारांशी त्यांची तुलना आपणच करावी.

दोष सिद्ध न करता भरपाई मिळण्याचीही एक वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात आणि तेथे कोणाची चूक होती हे मांडावेच लागत नाही. अपघात वाहनाच्या वापरातून घडलेला असावा लागतो; पण वाहन उभे होते म्हणून त्याचा 'वापर' होत नव्हता, ही हरकत टिकणारी नाही. १९८७ साली सातारा जिल्ह्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता, आणि त्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबलेल्या वाहनाचाही वापर चालू असू शकतो, असे ठरवले. तरी दोन्ही कलमांचा लाभ एकत्र मिळत नाही आणि आपला पुरावा बरा दिसतो, म्हणून मी कलम १६६ ची वाट सुचवतो.

अडचण विम्यात येऊ शकते. ट्रॅक्टरबरोबर दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी आणि विमा आहे का, पॉलिसी केवळ शेतीकामापुरती आहे का, हे कागद मागवून पाहावे. पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर कंपनी हात वर करते. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी रक्कम भरून नंतर मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. विमाच नसेल तर जबाबदारी मालकावर येते. म्हणून चालक, मालक आणि कंपनी तिघांनाही पक्षकार करा. मालकाला हेही समजावून सांगा, की विमा धड असेल तर पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत. गावातला ताण त्याने बराच सैल होतो. तडजोड करायचीच असेल तर दावा दाखल करून लोकअदालतीत करा, कारण तेथील निवाड्याची दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली करता येते. पण त्यावर अपील नसते, म्हणून आकडा मान्य करण्यापूर्वी वरील हिशेब वकिलांकडून पुन्हा तपासून घ्यावा.

१ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे हा दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही दवडू नये. पोलिसांनी तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अहवाल पाठवणे अपेक्षित असते आणि तोच अर्ज मानता येतो. तरी आपला स्वतंत्र अर्ज असलाच पाहिजे. आपण राहता त्याच जिल्ह्यात अपघात घडल्याने सांगलीच्या न्यायाधिकरणातच अर्ज करता येईल. निकाल मान्य झाला नाही, तर अपिलासाठी मुंबई गाठावी लागणार नाही, कारण ऑगस्ट २०२५ पासून सांगली जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचला (फिरत्या खंडपीठाला) जोडलेला आहे. ते अपील निकालापासून नव्वद दिवसांत करावे लागते.