वाचकांचे प्रश्न : परक्या उपग्रहावरचा भाडेकरू

प्रश्न : टीव्ही-इंटरनेटच्या उपग्रहावरच शास्त्रीय उपकरण बसवलं की खर्च वाचतो म्हणे. मग सगळेच तसं का करत नाहीत? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : वाचतो, कारण सौरपंख, बॅटरी, रॉकेट यांचा मोठा भार मूळ मालक उचलतो. पण वेळापत्रकही त्याचंच. उत्तर अमेरिकेवरचं हवाप्रदूषण मोजणारं नासाचं ‘टेम्पो’ २०१८ मध्येच तयार होतं. इंटेलसॅट ४०ई या दूरसंचार उपग्रहावरून ते उडालं एप्रिल २०२३ मध्ये. उलट उपकरणालाच उशीर झाला, तर मालक थांबत नाही, तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवून मोकळा होतो. रॉकेट चुकलं तर तेही आपल्याच माथी: जानेवारी २०१८ मध्ये नासाचं वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं ‘गोल्ड’ उपकरण घेऊन निघालेला एसईएस-१४ हा दूरसंचार उपग्रह भलत्याच तिरक्या कक्षेत सुटला, विद्युत इंजिनांनी त्याला जागेवर आणावं लागलं. कक्षाही निवडता येत नाही. टेम्पोला भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या गतीनेच फिरणारी, कक्षाच हवी होती, कारण ३५,७८६ किमीवरून तोच प्रदेश तासातासाला दिसतो. ध्रुवांवरून फिरायचं असेल तर टीव्हीचा उपग्रह काय कामाचा?

प्रश्न : सातपूरला आमचं सीएनसी वर्कशॉप आहे. कॉलेजच्या मुलांना इस्रोच्या ‘पोएम’साठी (पीएसएलव्ही रॉकेटचा काम संपलेला चौथा टप्पा, ज्यावर उपकरणं बसवतात) उपकरणाची पेटी हवी आहे. नेहमीसारखीच करून दिली तर?

उत्तर : मशीनिंग नेहमीचंच, ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम चालतं. घोळ होतो तो पुढे. झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंगचे बोल्ट नकोत. निर्वातात हे धातू उडून थंड भागांवर बसतात. स्टेनलेस वापरा, पण थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये पिळले तर चार उघडझापीत आटे जातात, म्हणून हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे आटे) टाका. बंद भोकात हवा अडकते आणि हळूहळू झिरपत राहते: भोक आरपार करा, नाहीतर मधून छिद्र पाडलेला बोल्ट घ्या. सगळी पेटी ॲनोडाइज केलीत (ऑक्साइडचा थर चढवला) तर अर्थिंग गेलं, कारण तो थर वीज अडवतो. टेकणाऱ्या बाजू मास्क करून (झाकून) तिथे क्रोमेट (वीज वाहू देणारा पातळ थर) द्या. आट्यांतलं कूलंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पीव्हीसीची वायर नको, टेफ्लॉनची घ्या. आतला गोंद असा, की निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवल्यावर वजन १ टक्क्याहून जास्त घटत नाही आणि त्याच्या वाफेतलं साचणारं द्रव्य ०.१ टक्क्याच्या आत राहतं. डिसेंबर २०२४ मध्ये पोएमवर २४ उपकरणं होती. तुमच्या पेटीतली वाफ शेजाऱ्याच्या भिंगावर बसते.