चिनी शोभेच्या गाठी शिकायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

पानचांगपासून तरी करू नका. लाल लटकनांत मधोमध दिसणारी ती चौकोनी जाळीदार गाठ देखणी आहे खरी, बौद्धांच्या अष्टमंगल चिन्हांपैकी एक, पण नवख्याला रडवते. आधी दुहेरी नाण्याची गाठ करा, मग चिनी पोशाखांवर असते ती गुंडीची. साधारण 2 मिमी जाडीची, जरा ताठ, गोल दोरी घ्या; मीटर-दीड मीटर पुरते. लोकर नकोच, तिचे वेढे उभेच राहत नाहीत. थर्माकोलवर टाचण्या टोचून दोरी सैल मांडा. मांडणं सोपं, खरं काम आवळण्याचं: आधी मधला भाग, मग ढिलाई एकेका वेढ्यातून टोकाकडे सरकवत न्यायची. हिसका दिलात की आकार गेलाच. नायलॉनची टोकं लायटरने किंचित वितळवा, धागे सुटत नाहीत.